शंभर हात कुठे अडले होते?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम करणारा स्वयंसेवकांचा गट मरगळला, की त्याची लक्षणं कुठेही गेलं तरी सारखीच असतात. नवी आवृत्ती पुढे पुढे ढकलली जाते. बग कळवणाऱ्यांना महिनोन्‌महिने उत्तर मिळत नाही. दोनचार जुनी माणसं सगळा भार ओढत राहतात आणि नवी माणसं एकदा डोकावून निघून जातात. यावर सुचणारे उपायही ठरलेले असतात: आवाहन करा, परिषद भरवा, कॉलेजांत व्याख्यानं ठेवा, टी-शर्ट आणि स्टिकर वाटा. या उपायांच्या मुळाशी एक समज आहे, की लोकांचा उत्साह ओसरलाय आणि तो पुन्हा जागवला की काम आपोआप मार्गी लागेल. गेल्या पंचवीस वर्षांतल्या काही मोठ्या प्रकल्पांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. पडत्या काळातही काम करायला तयार असलेली माणसं आसपास असतातच. त्यांना हात घालता येईल अशा स्वरूपात काम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. गट सावरतो तो काम आणि अधिकार, दोन्ही वाटून देता येतील अशी व्यवस्था लावल्यावर. हे तपासून पाहायला लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस पॅकेजइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही. एकच कोड दोन गटांच्या हाती गेला, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि दोघांचे निकाल आज सगळ्यांसमोर आहेत.

आधी एक पायाभूत गोष्ट. ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर. हा हक्क परवान्याने मिळतो. मात्र परवाना तुम्हाला तुमच्याकडच्या प्रतीत बदल करायची मुभा देतो. तोच बदल मूळ प्रकल्पात घ्यायचा की नाही, हे प्रकल्प चालवणारेच ठरवतात. बदल पाठवायचा कसा, तो तपासणार कोण, किती दिवसांत तपासणार आणि नाकारला तर विचारायचं कुणाला, यातलं काहीही परवान्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे कोड पूर्ण खुला आणि गट जवळपास बंद, असा प्रकार सहज घडू शकतो. सार्वजनिक मंडळाचं सभासदत्व सगळ्यांना खुलं असतं; पण पावतीपुस्तकं, मांडववाल्याचा हिशेब आणि पोलीस परवानगीची फाइल वर्षानुवर्षं एकाच कार्यकर्त्याच्या कपाटात राहिली, तर नवे सभासद खुर्च्या लावण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. थोड्या दिवसांनी तेही यायचे थांबतात आणि कपाटवाला कार्यकर्ता म्हणतो, हल्ली कुणाला कामाची हौसच नाही.

लिबरऑफिसची पूर्वपीठिका जर्मनीतली आहे. स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीचं स्टारऑफिस हे पॅकेज अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनीसकट १९९९मध्ये विकत घेतलं. २००० साली त्याचा कोड खुला झाला, ओपनऑफिस.ऑर्ग हा प्रकल्प सुरू झाला आणि २००२मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसला फुकट मिळणारा पर्याय म्हणून त्याचं नाव जगभर झालं. वापरणारे अफाट वाढले, कोड लिहिणारे मात्र प्रामुख्याने सनच्या पगारावरचेच राहिले. याची कारणं पद्धतीत होती. बाहेरच्या माणसाला आपला कोड द्यायचा तर आधी सनसोबत कॉपीराइटविषयीचा करार करावा लागे. त्यानंतर बदलासाठी ‘चाइल्ड वर्कस्पेस’ नावाची कोडची वेगळी शाखा उघडायची, तिला तपासनीस मिळवायचा, दिसण्यात फरक पडणार असेल तर त्याचा लेखी आराखडा मंजूर करून घ्यायचा, आणि मग वाट पाहायची. दोन ओळींच्या दुरुस्तीलाही बहुतेक हाच रस्ता. कंटाळलेल्या मंडळींनी न स्वीकारले गेलेले बदल वेगळे साठवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘गो-ओओ’ नावाची समांतर आवृत्ती तयार झाली. अनेक लिनक्स वितरणं ओपनऑफिस म्हणून प्रत्यक्षात हीच आवृत्ती देत होती. नोव्हेल कंपनीतले प्रोग्रामर मायकेल मीक्स यांनी २००८मध्ये कोडच्या नोंदींतून आकडे काढून दाखवलं, की प्रकल्पात बाहेरून येणारा सहभाग फार तोकडा आहे आणि सक्रिय प्रोग्रामरांची संख्या वाढण्याऐवजी घसरते आहे.

जानेवारी २०१०मध्ये ओरॅकलने सनचा ताबा घेतला आणि अनिश्चितता वाढली. २८ सप्टेंबर २०१० रोजी प्रकल्पातल्या अनेक जुन्या मंडळींनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली. ओपनऑफिस सुरू होतानाच स्वतंत्र प्रतिष्ठानाचं आश्वासन दिलं गेलं होतं. दहा वर्षं ते कागदावरच राहिलं होतं. ओपनऑफिस हे नाव ओरॅकलकडेच राहिल्यामुळे नव्या गटाने त्याच कोडला लिबरऑफिस हे नाव दिलं. २५ जानेवारी २०११ रोजी लिबरऑफिस ३.३ आलं, तेव्हा प्रतिष्ठानाने जाहीर केलं, की सप्टेंबरअखेर वीसहून कमी असलेले प्रोग्रामर चार महिन्यांत शंभराच्या बरेच वर गेले आहेत. कोड तोच, भाषा तीच, वापरणारेही तेच. चार महिन्यांत जगातल्या प्रोग्रामरांना अचानक ऑफिस पॅकेजची ओढ लागली, असं मानायला काही आधार नाही. जे हात लागले ते आधीपासून होतेच. ते अडकले कुठे होते, हे पाहण्यात खरा अर्थ आहे.

पहिला अडसर कराराचा, आणि तो थेट काढून टाकण्यात आला. ज्याचा कोड त्याच्याच मालकीचा राहील, फक्त तो ठरलेल्या परवान्याखाली दिला आहे एवढं सांगणं पुरे, असा नियम झाला. दुसरा अडसर जास्त खोलवरचा होता. लाखो ओळींचा, काही भाग वीसेक वर्षं जुना असलेला कोड समोर आला की नवख्याला सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही. यावर ‘ईझी हॅक्स’ची यादी निघाली. प्रकल्पाची नस ओळखणाऱ्या जाणकारांनी सोपी कामं निवडून वेगळी काढली. प्रत्येक कामापुढे ते किती अवघड, त्याला कोणतं कौशल्य लागेल आणि कोडमध्ये नेमकं कुठे पाहायचं, हे लिहिलं. यातलं एक काम बोधप्रद आहे. मूळ कोड जर्मन प्रोग्रामरांनी लिहिल्यामुळे त्यातल्या हजारो टिपा जर्मन भाषेत होत्या. जर्मन न येणाऱ्याला त्या भागात काम करणं अवघड जाई. या टिपा शोधून काढणारी एक छोटी स्क्रिप्ट तयार झाली आणि त्यांचं इंग्रजी करण्याचं काम नवख्यांसाठी खुलं झालं. टीप बदलल्याने प्रोग्रामच्या चालण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून चुकीची भीती नाही. तपासणाऱ्यालाही दोन मिनिटं पुरतात. सी++ फारसं न येणारी, पण जर्मन जाणणारी व्यक्तीही हे करू शकते. आणि हे करताना ती कोड उतरवून घ्यायला, बिल्ड करायला म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करायला, बदल नोंदवायला आणि पाठवायला शिकते. पहिला बदल स्वीकारला गेला की दुसऱ्या बदलाला लागणारं निम्मं शिक्षण झालेलं असतं.

याच धर्तीवर आणखी एक काम निघालं. कुठूनही वापरात नसलेली फंक्शनं शोधणारं साधन वापरून त्यांची यादी एका फाइलमध्ये प्रकल्पातच ठेवली गेली. हजारो नावांच्या त्या यादीतलं एक नाव घ्यायचं, ते खरंच निरुपयोगी आहे याची खात्री करायची, काढून टाकायचं आणि बदल पाठवायचा. नवखे एकेक नाव खोडत गेले आणि काही वर्षांत यादी जवळपास संपली. इथे दोन गोष्टी एकदम साधल्या: नव्या माणसाला सुरक्षित काम मिळालं, आणि जुना कोड हलका झाल्यामुळे पुढच्या नव्या माणसाची वाट अधिक सोपी झाली. किचकट, जुनाट बिल्ड व्यवस्था बदलून सर्वसामान्य प्रोग्रामरला ओळखीची असलेली व्यवस्था आणली गेली. २०१२मध्ये बदल तपासण्यासाठी गेरिट हे साधन आलं. पाठवलेला बदल निरनिराळ्या प्रणालींवर बिल्ड होतो का, हे यंत्रच पाहू लागलं आणि माणसाचा वेळ फक्त माणसानेच पाहायच्या गोष्टींसाठी उरला. नव्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी ठरल्या वेळी निघू लागल्या. हे वेळापत्रक स्वयंसेवकाच्या दृष्टीने फार मोलाचं असतं, कारण आज केलेलं काम लोकांच्या हाती केव्हा पडेल हे त्याला आधी कळतं. बिनपगारी माणसाला मोबदला मिळतो तो आपलं काम वापरात आलेलं पाहण्यातून. तो अनिश्चित काळासाठी लांबवला की माणूस निघून जातो.

काम वाटलं तरी अधिकार एकाच ठिकाणी राहिला, तर ही सुधारणा फार काळ टिकत नाही. म्हणून डॉक्युमेंट फाउंडेशनने कायदेशीर रचनेवर वेळ खर्च केला. जर्मन कायद्याप्रमाणे प्रतिष्ठान स्थापायला लागणारे ५० हजार युरो २०११च्या फेब्रुवारीत जाहीर आवाहनातून आठ दिवसांत जमले आणि २०१२मध्ये बर्लिनला नोंदणी झाली. सभासदत्व पैसे भरून मिळत नाही. केलेल्या कामावरून मिळतं, आणि त्या कामात भाषांतर, चाचणी, दस्तऐवज लिहिणं हेही धरलं जातं. सभासद संचालक मंडळ निवडतात, आणि एकाच कंपनीची माणसं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त येऊ नयेत असं बंधन आहे. ही रचना निर्दोष आहे असं कुणी म्हणणार नाही. पुढच्या काळात प्रतिष्ठानातही कंपन्यांचे हितसंबंध आणि पैशांचा विनियोग यांवरून कडाक्याचे वाद झाले. फरक एवढाच, की या वादांना मंच होता, मतदान होतं, आणि वाद चालू असतानाही दर सहा महिन्यांची आवृत्ती निघत राहिली.

आता दुसऱ्या गटाकडे वळू. ओरॅकलने जून २०११मध्ये ओपनऑफिसचा कोड आणि नाव अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिलं. अपाचे ही अननुभवी संस्था नव्हे, तिचे नियमही खुले आहेत, आणि सुरुवातीला आयबीएमसारख्या कंपनीचं पाठबळ होतं. पण अपाचेच्या परवान्यात न बसणारे भाग काढून टाकण्यात बरेच महिने गेले. पहिली आवृत्ती मे २०१२मध्ये आली. तोवर लिबरऑफिसच्या ३.४ आणि ३.५ अशा दोन नव्या आवृत्त्या बाजारात होत्या आणि प्रमुख लिनक्स वितरणं तिकडे गेली होती. २०१५मध्ये एलडब्ल्यूएन या लिनक्सविषयक नियतकालिकाने दोन्हींच्या कोडची मोजदाद केली. साधारण वर्षभराच्या काळात अपाचे ओपनऑफिसमध्ये १६ जणांनी ३८१ बदल केले होते. लिबरऑफिसमध्ये २६८ जणांनी २२ हजारांवर. सप्टेंबर २०१६मध्ये खुद्द ओपनऑफिसच्या तत्कालीन प्रमुखांनीच प्रकल्प बंद करण्याचा पर्याय चर्चेला ठेवला, कारण सुरक्षेतल्या त्रुटी वेळेत बुजवण्याइतकी माणसं उरली नव्हती. आणि तरीही २०२०पर्यंत ओपनऑफिसच्या डाउनलोडचा एकूण आकडा ३० कोटींवर गेला. म्हणजे प्रसिद्धी होती, नाव होतं, वापरणाऱ्यांची रांग होती. प्रसिद्धीने कार्यकर्ते मिळत असते, तर हा प्रकल्प जगातला सर्वांत तगडा असायला हवा होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे. लिबरऑफिसमधले बहुतांश बदल स्वयंसेवकांनी कुठे केले? रेड हॅट, सुसे आणि पुढे कोलॅबोरा या कंपन्यांच्या पगारी प्रोग्रामरांनी केले. तर मग श्रेय पद्धतीला कसं? आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाही. पैसा सनकडेही होता आणि आयबीएमकडेही. सनच्या काळात बाहेरच्या कंपन्यांच्या पगारी माणसांनाही आपले बदल गो-ओओमध्ये ठेवावे लागत होते, यावरूनच कळतं की बंद वाट पगारी आणि बिनपगारी असा भेद करत नाही. उलट बाजूने ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारी ही कोडची लायब्ररी जगभरचे सर्व्हर वापरत होते. पण तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या साधारण दोन हजार डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड ही त्रुटी उघडकीस आली. ती दोन वर्षांहून अधिक काळ कुणाच्या लक्षात आली नव्हती. मग लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांचा निधी उभा राहिला आणि पूर्णवेळ माणसं नेमता आली. पैसा इथे खरोखर अत्यावश्यक होता. पण त्याच वर्षी गटाने आपल्या उणिवांची यादी स्वतःच प्रसिद्ध केली: तुंबलेल्या तक्रारी, अपुरे दस्तऐवज, एकसारखी नसलेली लेखनशैली, अनिश्चित वेळापत्रक. पुढे सगळा कोड एका शैलीत बसवला गेला, काम गिटहब या कोड ठेवण्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर आलं, त्रुटी कशा हाताळायच्या आणि कोणती आवृत्ती किती काळ सांभाळायची याची धोरणं ठरली. निधीने माणसांना वेळ मिळाला. तो वेळ वाट मोकळी करण्यात लागला म्हणून गट सावरला. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा भारतातही या दिशेने पाऊल पडलं. असा निधी मिळालेल्या गटाने पहिला खर्च कशावर करावा, याचं उत्तर ओपनएसएसएलच्या या यादीत सापडेल.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा आहे. दार उघडलं की गर्दी होते, आणि गर्दीचा भार पुन्हा त्याच दोनचार जुन्या माणसांवर पडतो. नादिया एघबल यांनी ‘वर्किंग इन पब्लिक’ या २०२०च्या पुस्तकात हेच मांडलं: आज बऱ्याच प्रकल्पांत माणसांची टंचाई नसते, टंचाई असते ती सांभाळणाऱ्याच्या लक्षाची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याचं ढळढळीत प्रात्यक्षिक झालं. डिजिटलओशन कंपनीच्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ उपक्रमात चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळे. एका लोकप्रिय यूट्यूब व्हिडिओत बदल पाठवणं किती सोपं आहे ते दाखवलं गेलं आणि गिटहबवर निरर्थक बदलांचा पूर आला. कुणी माहितीपत्रकात एखादं विशेषण घुसवलं, तर कुणी मथळ्यात ‘अमेझिंग’ एवढाच शब्द जोडला. वैतागलेल्या मेंटेनरांच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या, तक्रारींनंतर काही दिवसांतच नियम बदलला, आणि ज्या प्रकल्पांना हवं असेल त्यांनीच सहभागी व्हायचं असं ठरलं. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, त्याला नेमकेपणा देतो. हॅक्टोबरफेस्टने वाढवली ती माणसांची संख्या. त्यांना द्यायचं काम कुणी निवडून ठेवलं नव्हतं. ईझी हॅक्सची यादी जाणकारांनी, ज्यांना तो कोड सांभाळायचा होता त्यांनीच केली होती, आणि प्राथमिक तपासणी यंत्राकडे होती. म्हणजे क्रम महत्त्वाचा. आधी काम वाटता येईल असं करायचं, मग माणसं बोलवायची. हा क्रम उलटा झाला, तर मरगळलेला गट आवाहनाच्या यशानेच कोलमडू शकतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि २०२४नंतर तो टाळता येत नाही. एक्सझेड ही फाइल लहान करण्याची छोटी पण सर्वत्र वापरली जाणारी प्रणाली फिनलंडमधला एकच माणूस वर्षानुवर्षं फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला. २०२२मध्ये इतर अनोळखी नावांनी दबाव आणला गेला: काम रेंगाळतंय, दुसऱ्याला जबाबदारी द्या. थकलेल्या मेंटेनरने ती दिली. पुढे ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला गेला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने तो शोधून काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगासमोर ठेवला. मग अनोळखी माणसांना अधिकार देणं हाच धोका नाही का? तपशील पाहिला की धोका कुठे होता हे स्पष्ट होतं. चोरदरवाजा चालू करणारा एक कळीचा तुकडा सार्वजनिक कोडमध्ये नव्हताच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तो गुपचूप घातला होता. तो गठ्ठा बांधणारा एकच माणूस होता आणि तो उघडून पाहणारा दुसरा कुणी नव्हता. जिथे गटच नाही, एकच थकलेला जीव आहे, तिथे अधिकार वाटला जात नाही, अख्खाच्या अख्खा दुसऱ्याच्या हाती पडतो. अनोळखी माणसाला अधिकार कसा द्यायचा, याला डेबियन या लिनक्स वितरणाने फार आधीच पायऱ्यांचं उत्तर शोधलं होतं. १९९९मध्ये अर्जांचा भार पेलवेना म्हणून त्यांनी नव्या सदस्यांचा प्रवेशच थांबवला होता. २०००मध्ये तो सुरू केला तेव्हा ओळख, तत्त्वांची समज आणि कौशल्य तपासण्याची पद्धत घालून दिली. २००७मध्ये मधली पायरी आली: पूर्ण सदस्य नसलेल्यालाही फक्त ठरावीक पॅकेजं अद्ययावत करण्याचा अधिकार. विश्वास असा हप्त्याहप्त्याने दिला, की नवा माणूस खोळंबत नाही आणि गटही उघड्यावर पडत नाही.

येण्याच्या वाटेइतकीच जाण्याची वाटही आखलेली लागते, आणि मरगळलेल्या गटांत नेमकी हीच राहून जाते. संस्थापक थकलेला असतो, पण किल्ल्या त्याच्याकडेच असल्याने त्याला सोडवत नाही, आणि तो सोडत नाही म्हणून कुणी पुढे येत नाही. पायथन भाषेचे जनक ग्विडो व्हान रॉसम जुलै २०१८मध्ये निर्णयाधिकारापासून बाजूला झाले तेव्हा त्यांनी वारस नेमला नाही. तुम्हीच ठरवा असं सांगितलं. विकसकांनी कारभाराचे निरनिराळे प्रस्ताव लिहिले, मतदान घेतलं आणि २०१९च्या सुरुवातीला पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ काम पाहू लागलं. भाषेचा विकास अडला नाही, कारण अधिकार वाटून घ्यायची सवय आणि त्यासाठीची लेखी पद्धत गटात आधीपासून होती. ज्या गटात अशी पद्धत नाही, त्याने ती संस्थापक थकण्याआधी लिहून ठेवावी. थकल्यावर ती लिहायला कुणाकडे बळ नसतं.

हे सगळं मोठ्या, श्रीमंत प्रकल्पांना लागू असेल, आपल्याकडच्या दहाबारा जणांच्या गटाला नाही, असंही म्हटलं जातं. खरं तर लहान गटात हा नियम जास्त कडकपणे लागू होतो, कारण तिथे एक माणूस गेला की गटाचा मोठा हिस्सा जातो. मराठीतल्या सॉफ्टवेअर भाषांतराचंच पाहा. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स मराठीत उपलब्ध आहेत, त्यामागे मोजक्या माणसांचे कष्ट आहेत. हे काम कोडपेक्षा सोपं दिसतं, पण नवखा इथेही अडतोच: एकाच इंग्रजी संज्ञेला आधीच्यांनी तीन ठिकाणी तीन शब्द वापरलेले असतात, कोणता घ्यायचा ते सांगणारं कुणी नसतं, आणि सुचवलेलं भाषांतर मंजुरीविना पडून राहतं. या अडचणीवर २००८च्या सुमारास रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषाकर्मींच्या पुढाकाराने ‘फ्युएल’ हा उपक्रम सुरू झाला. वारंवार येणाऱ्या संज्ञांची यादी करायची, त्या भाषेच्या जाणकारांनी एकत्र बसून त्यांचे पर्याय ठरवायचे आणि यादी सर्वांना खुली करायची, अशी त्याची पद्धत होती. अशी यादी हाताशी असली की नवा माणूस पहिल्याच संध्याकाळी उपयोगी काम करू शकतो. लिबरऑफिसचं भाषांतर आता वेबलेट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनावर होतं, त्यामुळे तांत्रिक अडसर जवळपास उरलेला नाही. उरतो तो माणसांच्या हातातला: आलेली सूचना आठवड्याभरात पाहून हो किंवा नाही सांगणारे एकाऐवजी निदान तिघे असणं.

प्रत्येक गट वाचवलाच पाहिजे असं अर्थातच नाही. ज्या सॉफ्टवेअरची गरज संपली, ते रीतसर बंद करणं हेही जबाबदारीचं काम आहे. अपाचेने त्यासाठी २००८पासून ‘ॲटिक’ नावाची वेगळी व्यवस्थाच ठेवली आहे, जिथे प्रकल्प थांबल्याचं स्पष्ट सांगितलं जातं आणि कोड वाचायला उपलब्ध राहतो. पण बंद करण्याचा निर्णय घेण्याआधी हे पडताळायला हवं, की गटाला माणसं मिळत नाहीत की आलेली माणसं टिकत नाहीत. त्यासाठी सर्वेक्षण लागत नाही, गटाच्याच नोंदी पुरतात. गेल्या वर्षी पहिल्यांदा बदल पाठवणाऱ्यांना पहिलं उत्तर किती दिवसांनी गेलं? त्यांतल्या किती जणांनी दुसरा बदल पाठवला? कोऱ्या संगणकावर प्रकल्प उभा करायला किती वेळ लागतो? नवी आवृत्ती काढण्याचे अधिकार आणि पासवर्ड किती जणांकडे आहेत? पहिला बदल पाठवणारे कुणी नसतीलच, तर प्रश्न गरजेचा आहे आणि बंद करण्याचा विचार रास्त ठरतो. पहिला पाठवणारे आहेत आणि दुसरा पाठवणारे नाहीत, तर दोष लोकांच्या हौसेत नाही, गटाच्या पद्धतीत आहे, आणि तो दुरुस्त करणं गटाच्याच हातात आहे. परिषदेची तारीख त्यानंतर ठरवली तरी चालेल.